10 डिसेंबरची घाई : एका गेमच्या रिलीजचा प्रकरण अभ्यास

आठ एमबी. डिसेंबर 2020 मध्ये पीसीवर 'सायबरपंक 2077' हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्याची सेव्ह फाइल (खेळ जिथवर आला ते साठवणारी) या आकड्याच्या पुढे गेली की ती खराब व्हायची आणि पुन्हा उघडायची नाही. सेव्ह फाइल फुगते कशाने? जो तासन्‌तास खेळतो, कोपरान्‌कोपरा धुंडाळतो, वस्तू गोळा करतो, त्या जोडून नव्या बनवतो, त्याची फाइल फुगते. म्हणजे फटका बसला तो गेमला सर्वात जास्त जीव लावणाऱ्याला. मदतकक्षाचा सुरुवातीचा सल्ला असा होता की सामान कमी बाळगा आणि जुन्या सेव्हवरून पुढे खेळा. 23 डिसेंबरच्या 1.06 पॅचने, म्हणजे कंपनीने नंतर पाठवलेल्या दुरुस्तीने, ती मर्यादा काढली. मात्र आधीच खराब झालेल्या फाइली दुरुस्त होणार नाहीत, हेही त्याच पॅचच्या टिपणात लिहिलेले होते.

हे प्रकरण अभ्यासाला घेतले ते गेम वाईट होता हे सिद्ध करण्यासाठी नाही. पुढे मी तो खेळलो आणि तो मला मनापासून आवडला. मला पाहायचे आहे ते एवढेच, की पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्याने निर्णय कधी घेतला, कशाच्या भरवशावर घेतला आणि त्या घडीला त्याला काय माहीत नव्हते. या गेमबाबत हे सगळे तारीखवार सांगता येते, कारण बहुतेक गोष्टी कंपनीने स्वतःच जाहीर केल्या आहेत.

माझी बाजूही आधी सांगून ठेवतो. याच्या काही वर्षे आधी एका वेगळ्याच गेमची मी प्री-ऑर्डर, म्हणजे रिलीजआधीच पैसे भरून खरेदी, केली होती. दोन दिवस आधीच डाउनलोड उतरवून ठेवला, रजा टाकली, रात्री बाराच्या ठोक्याला बसलो. बारा वाजून दोन मिनिटांनी लोडिंगचे चक्र फिरू लागले आणि पहाटे चारपर्यंत मी तेच पाहत होतो. मध्ये दोनदा आत शिरता आले, दोन्हीदा दहा मिनिटांत बाहेर फेकला गेलो. पैसे गेल्याचे वाईट नंतर वाटले. आधी वाटली ती लाज, कारण 'घ्या रे, सगळे मिळून खेळू' म्हणत आठवडाभर मीच मित्रांना भरीस घातले होते. त्यांच्यातल्या एकाने सहा महिने पैसे साठवले होते. तो मला एका शब्दानेही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

म्हणून 'सायबरपंक'च्या वेळी मी काठावर बसून राहिलो. सोपे नव्हते ते.

आठ वर्षांची हवा

मराठीत आपण ज्याला 'हवा करणे' म्हणतो, ते इथे आठ वर्षे चालले. पोलंडमधल्या वॉर्सॉच्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओने 2012 मध्ये गेमची घोषणा केली. मुळात हा माइक पाँडस्मिथ यांनी 1988 मध्ये काढलेला, कागद-फाशांवर खेळायचा रोल-प्लेइंग गेम. जानेवारी 2013 मध्ये पहिला टीझर आला. त्यात तारीख नव्हती, 'तयार होईल तेव्हा येईल' असे लिहिले होते. ते वाक्य लोकांना फार आवडले. घाई न करणारा स्टुडिओ, अशी त्यांची प्रतिमा झाली. मे 2015 मध्ये याच मंडळींचा 'द विचर 3' आला आणि त्या प्रतिमेवर मोहोर उमटली. तोवर विश्वास कमावलेला होता, उसना नव्हता. हे महत्त्वाचे आहे, कारण पुढे जे खर्ची पडले ते हेच भांडवल.

जून 2018 च्या ट्रेलरची सुरुवात मेट्रोच्या डब्यात होते. नायक खिडकीशी आहे आणि बाहेरून नाइट सिटी, म्हणजे गेममधले शहर, सरकते आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 48 मिनिटांचा खेळ दाखवला गेला. हे काम अजून चालू आहे, अंतिम गेममध्ये बदल होऊ शकतो, अशी पाटी त्यावर होती. पण 48 मिनिटे डोळ्यांसमोर एवढे देखणे काही चालले असताना ती पाटी कोण वाचणार? जून 2019 मध्ये हॉलिवूड अभिनेते किआनू रीव्हज मंचावर आले, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्याच कार्यक्रमात तारीख ठरली : 16 एप्रिल 2020.

ती तारीख पाळली गेली नाही. आधी 17 सप्टेंबर, मग 19 नोव्हेंबर. 5 ऑक्टोबरला गेम 'गोल्ड' झाल्याचे जाहीर झाले, म्हणजे छापायला जाणारी प्रत तयार झाली. खेळणाऱ्यांच्या भाषेत याचा अर्थ 'आता मागे फिरणे नाही' असाच होतो. आणि तरीही 27 ऑक्टोबरला आणखी 21 दिवसांची मुदतवाढ आली, म्हणजे रिलीज 10 डिसेंबरला. कारण दिले होते की जुने कन्सोल (टीव्हीला जोडायची गेमची यंत्रे), नवे कन्सोल आणि पीसी मिळून नऊ आवृत्त्या एकाच वेळी तयार करून तपासायच्या आहेत.

मी इथे थांबून पुन्हा पुन्हा विचार केला आहे. हे वाक्य सगळ्यांनी वाचले होते. जुन्या कन्सोलवर गाडी अडलेली असावी, हे त्यात जवळजवळ उघडच लिहिलेले होते. प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन ही दोन्ही यंत्रे नोव्हेंबर 2013 ची, तेव्हा सात वर्षांची झालेली. पण चर्चा कशाची झाली? तारीख पुढे गेल्याचीच. काहींनी तर स्टुडिओतल्या माणसांना जिवे मारण्याच्या धमक्या पाठवल्या. 'बाजारात तुरी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो, पण इथे तुरी बाजारात यायच्या आधी माणसे एकमेकांच्या जिवावर उठली होती. वाट पाहून पाहून माणसाच्या मनात गेम त्याच्या मालकीचा झालेला असतो, आणि मालकाला उशीर दिसतो, धोक्याची सूचना दिसत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस गुंतवणूकदारांशी बोलताना कंपनीच्या प्रमुखांनी जुन्या कन्सोलवरही गेम अपेक्षेपेक्षा चांगला चालतो अशा अर्थाचे सांगितले. कन्सोलवाल्यांनी ते खरे मानले. न मानायला त्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते.

7 ते 10 डिसेंबर

या प्रकरणाचा गाभा या चार दिवसांत आहे.

रिव्ह्यू 7 डिसेंबरला प्रसिद्ध झाले. समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती, आणि व्हिडिओत स्वतः खेळतानाचे दृश्य दाखवायची परवानगी नव्हती, कंपनीने पुरवलेलीच दृश्ये वापरायची होती. कन्सोलच्या प्रती 8 डिसेंबरपासून पाठवायला घेतल्या, हे नंतर कंपनीनेच सांगितले. तेव्हा 10 डिसेंबरपूर्वी ज्या कुणी रिव्ह्यू वाचून निर्णय घेतला, त्याने एका यंत्रावरचा निकाल वाचला आणि गेम घेतला दुसऱ्याच यंत्रासाठी. सरासरी गुण 90 च्या घरात होते. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. दणकट पीसीवर खेळलेल्या माणसाने प्रामाणिकपणे दिलेले ते गुण होते. फक्त प्लेस्टेशन 4 घेऊन बसलेल्याच्या ते काही उपयोगाचे नव्हते.

या दिवसांतली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. एका समीक्षिकेने इशारा लिहिला की गेममधल्या 'ब्रेनडान्स' प्रसंगात दिवे इतक्या वेगाने लुकलुकतात की अपस्माराच्या रुग्णाला झटका येऊ शकतो, तिला स्वतःलाच आला होता. कंपनीने तो इशारा मनावर घेतला आणि काही दिवसांतच पॅचमध्ये तो परिणाम सौम्य केला. पण मधल्या काळात काही लोकांनी तिला मुद्दाम झगमगते व्हिडिओ पाठवले, तिला झटका यावा म्हणून. दुसऱ्या एका समीक्षिकेने दहापैकी सात गुण दिले, तिच्यावरही लोक तुटून पडले. त्या घडीला या तुटून पडणाऱ्यांतल्या कुणीही गेम खेळलेला नव्हता. न खेळलेल्या गेमसाठी एवढा राग येतो कुठून? माझ्या मते तो आधी मोजलेल्या पैशांतून येतो. एकदा पैसे देऊन बसलेल्या माणसाला वाईट बातमी नको असते. ती घेऊन येणारा त्याला शत्रू वाटतो. मी त्या टोकाला कधी गेलो नाही, पण माझ्या त्या जुन्या प्री-ऑर्डरच्या वेळी नकारात्मक रिव्ह्यू मी अर्धेच वाचून बंद केले होते, हे मला चांगले आठवते.

10 डिसेंबरला आकडे आले. प्री-ऑर्डर 80 लाखांहून जास्त, त्यांतल्या 59 टक्के पीसीच्या, उरलेल्या कन्सोलच्या, म्हणजे ढोबळमानाने 33 लाख. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर एकाच वेळी खेळणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. आणि प्री-ऑर्डरच्या जोरावरच गेम बनवण्याचा व जाहिरातीचा सगळा खर्च भरून निघाल्याचे कंपनीने कळवले.

त्याच संध्याकाळी जुन्या कन्सोलवरची दृश्ये फिरू लागली. वर्दळीच्या चौकात फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, वीसच्या खाली घसरत होता. भिंती आधी मातीच्या गोळ्यासारख्या दिसायच्या आणि त्यांच्यावरचे बारकावे दोन-तीन सेकंदांनी उमटायचे. माणसे दोन्ही हात आडवे पसरून ताठ उभी राहायची. गेम मध्येच बंद पडायचा आणि यंत्राचा मुख्य पडदा यायचा. हे बघायला ना तज्ज्ञ लागत होता ना पैसे. 11 तारखेला कुणालाही फुकटात पाचच मिनिटांत कळत होते. आठ वर्षांत जे कळले नाही ते चोवीस तासांत कळले, पण तोवर 80 लाख लोकांचा निर्णय होऊन गेलेला होता.

परतावा

14 डिसेंबरला माफीपत्र आले. जुन्या कन्सोलवरचा गेम आधी दाखवायला हवा होता, त्यावर जास्त लक्ष द्यायला हवे होते, असे त्यात होते. पैसे परत हवे असतील तर मागा, असेही होते. लगेचच गुंतवणूकदारांसमोर स्पष्ट झाले की प्लेस्टेशनवाली सोनी किंवा एक्सबॉक्सवाली मायक्रोसॉफ्ट यांच्याशी त्यासाठी वेगळा करार झालेला नाही, त्यांचे नेहमीचे नियमच लागू आहेत. आणि प्लेस्टेशनच्या दुकानाचा नेहमीचा नियम असा आहे की गेमचा डाउनलोड सुरू केला की, माल सदोष नसेल तर, परतावा मिळत नाही. प्री-ऑर्डर केलेला गेम तर रिलीजच्या आधीच उतरवून ठेवायचा असतो. लोक हेलपाटे घालत राहिले. अखेर 18 डिसेंबरला सोनीने गेम दुकानातून काढून टाकला आणि मागेल त्याला पूर्ण पैसे देऊ केले. एवढ्या मोठ्या गेमच्या वाट्याला असे येणे जवळपास न ऐकलेले होते. तो परत यायला 21 जून 2021 उजाडला.

स्टीमची पद्धत उदार मानली जाते. 2015 पासून तिथे 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मिळतात. पण या गेममध्ये सुरुवातीची कथा, तो मोठा दरोडा, हे सगळे पार पडल्यावर गेमचे नाव पडद्यावर ठसठशीत झळकते, आणि तिथे पोचायला दोन तास मुळीच पुरत नाहीत. मोठ्या, कथेवर चालणाऱ्या गेमचा कस दोन तासांत लागत नाही. तेव्हा परताव्याची सोय आहे म्हणून बिनधास्त आधी घ्यावे, हा युक्तिवाद मला पटत नाही.

13 जानेवारी 2021 ला कंपनीच्या सहसंस्थापकांनी व्हिडिओतून पुन्हा माफी मागितली. अडचणीचे मूळ त्यांनी सांगितले ते असे : नायक शहरातून गाडी पळवतो तेव्हा पुढचे रस्ते, इमारती, माणसे सतत स्मृतीत भरावी लागतात, आणि जुन्या यंत्रांना ते भरणे झेपत नव्हते. आपल्या तपासणीत यातले बरेचसे दिसलेच नव्हते, असेही ते म्हणाले. यावर स्टुडिओतल्या लोकांनी पत्रकारांना वेगळे सांगितले, अडचणी माहीत होत्या, वेळ नव्हता. आतले खरे काय ते बाहेरून ठरवण्याच्या फंदात मी पडत नाही. खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा निष्कर्ष एकच निघतो. बनवणाऱ्यालाच दिसले नसेल, तर रिलीजपूर्वीच्या त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही, आणि दिसून सांगितले नसेल, तर मुळीच येत नाही. अमेरिकेत गुंतवणूकदारांनी केलेला दावा पुढे 18.5 लाख डॉलरवर मिटला.

सुधारला, पण कुणाच्या हातात?

हा भाग सहसा घाईत सांगितला जातो. फेब्रुवारी 2022 मध्ये 1.5 पॅचबरोबर नव्या कन्सोलची स्वतंत्र आवृत्ती आली. 21 सप्टेंबर 2023 ला 2.0 आला, त्यात पोलिसांची वागणूक, कौशल्यांची मांडणी असे बरेच काही मुळापासून नवे केले होते. पाच दिवसांनी 'फँटम लिबर्टी' हा विस्तार आला आणि तो खरोखर उत्तम आहे. त्या लोकांनी हार मानली नाही, वर्षानुवर्षे घाम गाळला, याबद्दल मला आदर आहे.

पण 2.0 आणि 'फँटम लिबर्टी' प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर आलेच नाहीत. सप्टेंबर 2022 चा 1.6 हा त्या यंत्रांसाठीचा शेवटचा मोठा पॅच. नवे यंत्र घेणाऱ्याला गेमची नवी आवृत्ती फुकट मिळाली, हे खरे आहे. पण यंत्र विकत घ्यावे लागले. ज्याने सर्वात आधी, सर्वात जास्त विश्वासाने आणि सर्वात जुन्या यंत्रासाठी पैसे मोजले, त्याच्यापर्यंत सुधारलेला गेम पोचला नाही. तो पोचला माझ्यासारख्या थांबलेल्या माणसाकडे, आणि तोही सवलतीच्या किमतीत. यात मला न्याय दिसत नाही. माझा फायदा झाला, तरीही दिसत नाही.

पहिल्या दिवसाची ओढ

थांबायला सांगणे सोपे आहे. पण पहिल्या आठवड्यात जे मिळते ते नंतर खरोखर मिळत नाही. सगळे मित्र एकाच वेळी तेच कोडे सोडवत असतात, कुणालाच शेवट माहीत नसतो, रात्री एकला मेसेज येतो, 'तू त्या पुलापाशी पोचलास का?' मला त्याची फार आठवण येते. ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये तर वर्षभराने गेलेल्याला मैदान रिकामे सापडू शकते. ओढ खरी आहे, आणि ती असण्यात काही गैर नाही.

प्री-ऑर्डर करण्याचे कारण मात्र आता उरलेले नाही. डिस्क खोक्यात भरून दुकानात यायच्या त्या काळी प्रती संपायच्या, म्हणून नाव नोंदवून ठेवण्यात अर्थ होता. डाउनलोड संपत नाही. 10 डिसेंबरला सकाळी जेवढ्या प्रती होत्या तेवढ्याच 13 डिसेंबरलाही होत्या. कमी पडू शकणारी गोष्ट उरलीच नाही, म्हणून ती तयार केली जाते : प्री-ऑर्डर करणाऱ्यालाच मिळणारा एखादा पोशाख, एखादे हत्यार, कुठे दोन-तीन दिवस आधी प्रवेश. माझ्याकडे असे किती पोशाख पडून आहेत, एकही दुसऱ्यांदा चढवलेला नाही.

त्याच 2020 सालच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दोनच महिने आधी, 'बाल्डर्स गेट 3' अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे बनत असतानाच विक्रीला, आला. तोही मोठा, तोही फार वाट पाहिलेला. तिथेही अपुऱ्या गेमचे पैसे घेतले जात होते. फरक एवढाच, की अपुरा आहे हे विकतानाच सांगितले होते, आणि पहिला अंक प्रत्यक्ष हातात होता. ऑगस्ट 2023 मध्ये पूर्ण गेम आला तोवर जवळजवळ तीन वर्षे कुणालाही तो भाग तपासून पाहता आला. शेवटच्या अंकात तिथेही बग होते. पण माझ्या दोन मित्रांनी तो पहिल्याच दिवशी घेतला तेव्हा मी त्यांना अडवले नाही.

माझे स्वतःचे आता असे आहे. आवडत्या गेमचा ट्रेलर एकदाच पाहतो. रिलीजनंतर माझ्याच यंत्रावर, कुणा सामान्य माणसाने न कापता टाकलेला अर्धा तासाचा खेळ बघतो, तोही गर्दीच्या जागेतला, कारण रिकाम्या खोलीत सगळेच गेम छान पळतात. पहिल्या दोन पॅचची टिपणे वाचतो. त्यात 'सेव्ह' हा शब्द दिसला तर आणखी थांबतो. एखाद्या छोट्या स्टुडिओने खेळून बघायला डेमो दिला असेल आणि तो आवडला, तर मात्र पहिल्याच दिवशी घेतो, कारण त्यांचे घर त्या आठवड्यावर चालते आणि मला काय मिळणार ते मी हाताने तपासलेले असते. मित्रांना 'घ्या रे' म्हणणे मी पूर्ण बंद केले आहे. खेळून झाल्यावरच बोलतो.

'सायबरपंक' मी 2023 च्या शेवटी घेतला. डिसेंबरच्या 2.1 पॅचमध्ये मेट्रो सुरू झाली होती, 2018 च्या ट्रेलरच्या पहिल्या दृश्यातली. इतकी वर्षे तिची स्टेशने फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी उडी मारायला वापरता यायची, डब्यात बसता यायचे नाही. मी कुठलेच काम हातात न घेता स्टेशनवर गेलो, गाडी आली, खिडकीजवळची जागा धरली. बाहेर पाऊस होता, जाहिरातींचे दिवे काचेवरून ओघळत होते, डबा वळणावर किंचित कलत होता. एकदाही अडकला नाही. दोन स्टेशने गेली तरी मी उतरलो नाही. प्लेस्टेशन 4 वरच्या गेममध्ये ही गाडी नाही.